पुलावरचा पहारा

दिवा जरा तुझ्याकडे ओढून घे आणि ती वही मिट. सोमवारपासून तू हस्तलिखितांच्या खोलीत बसणार आहेस, म्हणून सांगते आहे. तुझ्या आईच्या कानावर मात्र यातलं काही घालू नकोस. माझी सख्खी धाकटी बहीण असली तरी ती म्हणेल, ताई पुस्तकं वाचून वाचून कामातून गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी माझा प्रबंध शेवटच्या प्रकरणात अडकला होता. विषय एकाच आख्यायिकेचा, पुलावरच्या शिलेदाराचा. एक सरदार लढाईला निघताना आपल्या सर्वांत लहान शिलेदाराला नदीच्या पुलावर उभा करतो. म्हणतो, कुणीतरी येऊन ‘तू जा, आता मी आहे’ असं म्हणेपर्यंत इथून हलायचं नाही. सरदार लढाईत मरतो. सोबतचे सगळे मरतात. तो हुकूम कुणालाच ठाऊक उरत नाही. पुरात पूल वाहून जातो, तरी हा उभाच. सातशे वर्षांपूर्वीची, कातड्याच्या पानांची पोथी तिथेच संपते.

पुढच्या लेखकांना या शिलेदाराने नुसतं वेड लावलं. एका दरबारी कवीने त्याला प्रेयसीची वाट पाहायला लावली. एका नाटककाराने त्याचा विदूषक केला, प्रेक्षक पोट धरून हसायचे म्हणे. मग देशभक्तीचे दिवस आले आणि तो कर्तव्याचा पुतळा झाला. शेवटी मुलांच्या पुस्तकात आला, तिथे शाळेची सहल त्याला सलाम ठोकून पुढे जाते. कोणी कुणाकडून काय उचललं, काय बदललं, हे मी चारशे पानांत मांडलं होतं आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

माझे मार्गदर्शक सर चौऱ्याहत्तरचे. हृदय कमकुवत, गुडघे तर कधीच राजीनामा देऊन बसलेले. कोटाच्या खिशात बिस्किटांचा चुरा आणि तीन चष्मे, त्यातला एकही कामाचा नाही. चारशे पानं वाचून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“अगं, याला सुट्टी कुणी दिली?”

“कुणीच नाही, सर. एकाही लेखकाने दिलेली नाही.”

“सगळ्यांना तो उभाच आवडला म्हणजे,” सर म्हणाले. “पाय दुखत असतील गं त्याचे.”

मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

ती पोथी तुझ्या त्या हस्तलिखितांच्या खोलीतच असते. आता तिथली रीत ऐक. फार पूर्वी तिथून एक पोथी चोरीला गेली होती. तेव्हापासून कपाटाबाहेर काढलेली पोथी एक क्षणही एकटी ठेवायची नाही. उठायचं असेल तर दुसऱ्याला बसवायचं. बसणाऱ्याने “तुम्ही जा, आता मी आहे” असं तोंडाने म्हणायचं आणि वहीत सह्या करायच्या. डावीकडे ‘दिलं’, उजवीकडे ‘घेतलं’. पोथीतलेच शब्द खोलीच्या नियमात कुणी आणि कधी घातले, हे कुणाला माहीत नव्हतं. खोलीच्या ग्रंथपालबाई मात्र त्या शब्दांवाचून कुणाला जागचं हलू देत नसत. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा जुडगा असे की आम्ही त्यांना कुलूपबाई म्हणायचो. त्या समोर नसल्या तरी आम्ही ते शब्द म्हणायचो. जिभेला वळणच पडलं होतं.

त्या दिवशी हिवाळ्यातली दुपार होती. धुकं असं की खिडकीबाहेर हात काढला तर बोटं दिसू नयेत. सकाळीच काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, मला फोन आला होता. “तीन जिने चढून जाणार आहेत ते. माझं ऐकत नाहीत. पाचला त्यांना घरी आणून सोडायचं, तुझी जबाबदारी.” मी हो म्हटलं होतं.

पावणेचारपर्यंत आम्ही त्या पोथीचं शेवटचं पान ओळीओळीने ताडून पाहिलं. मी वाचायचं, सरांनी नकलेवर बोट ठेवून ऐकायचं. मग मी चहा आणायला उठले. कुलूपबाई खाली कुणाशी तरी हुज्जत घालत होत्या. सर म्हणाले, “तुम्ही जा, आता मी आहे.” ते मलाही त्या वाक्यापुरतं ‘तुम्ही’ म्हणत. सह्या झाल्या, मी खाली गेले.

दोन कप घेऊन वर येताना दुसऱ्या जिन्यावर माझा पाय घसरला. पायऱ्या ओल्या होत्या. मला वाटलं, फरशी पुसली असेल. पण वास फिनेलचा नव्हता. नदीच्या गाळाचा वास होता, आणि त्यात गंजलेल्या लोखंडाचा. तो वर वर दाट होत गेला. तिसऱ्या जिन्यावर सगळ्या इमारतीचा आवाज मागे पडला. खाली कुलूपबाईंचा चढा सूर चालू असणार, पण मला ऐकू येत होतं ते फक्त पाणी. पुलाच्या खांबांना वळसा घालून वाहावं, तसं.

खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आतल्या दिव्याच्या उजेडात सर दिसले. ते उभे होते! कुलगुरू आले तरी खुर्चीतून न उठणारे सर, टेबलाला धरून ताठ उभे होते.

दाराच्या आतल्या चौकटीवर एक हात टेकलेला होता. लोखंडी पंजा, बोटांच्या सांध्यांत शेवाळ. दुकानात दिवसभर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी भिंतीला हात लावून जसा भार टाकतो, तसा.

“किती… किती वेळ झाला?” सरांनी विचारलं. पोथीच्या भाषेत.

आणि त्याने उत्तर दिलं.

पोरी, ती भाषा बोलणारं सहाशे वर्षांत कुणी नाही. तिचे उच्चार आम्ही पंडितांनी अंदाजाने ठरवलेत, त्यावर भांडणं केलीत, मी स्वतः दोन वर्षं ते शिकवले होते. ते चुकीचे आहेत. सगळे. ती भाषा इतकी मऊ असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भीती होतीच, पण भीतीने माणूस असा रडत नाही. एवढं मोठं काहीतरी आपल्या कानांवर पडतं आहे, आणि आपण हातात चहाचे कप घेऊन उभे आहोत…

तो म्हणत होता, “अजून कुणी आलेलं नाही.”

सर टेबलाचा आधार सोडून नीट उभे राहिले. मग हळूच, आमच्या त्या चुकीच्या उच्चारांत, म्हणाले, “तुम्ही जा… आता मी आहे.”

मी ओरडायला हवं होतं. मी कप धरून तशीच उभी राहिले. सरांनी सवयीने वही पुढे सरकवली, नवं पान उघडलं. लोखंड कागदावर घासल्याचा आवाज आला. मग सरांचं पेन चाललं.

तो बाहेर आला तेव्हा मी भिंतीला चिकटले. माझ्यासमोर येऊन क्षणभर थांबला आणि त्याने मान लववली. कवींनी त्याला पांढरी दाढी दिली आहे, चित्रकारांनी सुरकुत्या. खोटं आहे सगळं. जेमतेम विशीचा होता. झोपेला आलेला चेहरा होता, बस. तो जिना उतरला, आणि वळणाच्या आधीच पावलांचा आवाज संपला.

“सर, काय केलंत हे?”

“सुट्टी दिली.” ते खुर्चीत बसले आणि कपभर चहा एका घोटात प्यायले. चेहरा इतका उजळला होता की मला रागावता येईना. “अगं, चाळीस वर्षं मी त्याच्यावर लिहिलं. एकदा तरी त्याच्यासाठी काही करायला नको?”

पाचला मी त्यांना घरी पोचवलं. जेवले, काकूंशी थट्टामस्करी केली, झोपले. सकाळी उठलेच नाहीत.

तेराव्या दिवसानंतर मी खोलीत गेले. कुलूपबाई वही उघडून बसल्या होत्या. त्या पानावर एकच ओळ होती. ‘दिलं’खाली एक खोल ओरखडा, ‘घेतलं’खाली सरांची सही. खाली सगळं कोरं. नेहमी चढ्या आवाजात बोलणाऱ्या कुलूपबाई कुजबुजल्या, “पोथी कपाटात आहे. मी रोज दाराला दोन कुलपं लावते. सकाळी दार उघडं असतं… आणि खुर्ची बाजूला सारलेली. तिच्यावर बसत नाही कुणी. उभं राहतं.”

मग मीही ऐकलं. चारच्या सुमारास बिस्किटाचा कागद चुरचुरतो. गुडघे कुरकुरतात. आपण चहाला उठलो की मागून हळू आवाज येतो, “तुम्ही जा, आता मी आहे.” कुलूपबाई निवृत्त झाल्या, नवे लोक आले. ती जुनी वही खालच्या खणात तशीच आहे. मी प्रबंध पूर्ण केला, नोकरी केली, तुझ्यासारख्या कितीजणींना शिकवलं. दर हिवाळ्यात त्या खोलीत जाते, तोंड उघडते आणि परत येते. ते पाच शब्द माझ्याने निघत नाहीत. मला भीती वाटते गं. सरळ सांगते, जीव प्यारा आहे मला.

काकूंना हे मी कधी सांगणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात त्यांना भेटायला गेले. नव्वदी ओलांडली आहे, अंथरुणाला खिळल्यात, डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितलेत. त्या म्हणाल्या, “मी तिकडे गेले आणि हे भेटलेच नाहीत तर?” तेव्हा राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. फक्त विचारलं, “उभे असतात? एकोणीस वर्षं? त्यांचे गुडघे गं…” आणि माझा हात धरून म्हणाल्या, “पाचला घरी आणून सोडायचं, असं ठरलं होतं आपलं.”

म्हणून उद्या चारला मी जाणार आहे. काकूंना फोन केला, पाचला दार उघडं ठेवायला सांगा म्हटलं. माझे कागद, टिपणं सगळी तुझी. तू त्या खोलीत खुशाल बस, घाबरू नकोस. पण मागून माझा आवाज आला तर वळून काही बोलू नकोस. माझी कितीही दया आली तरी ते शब्द तोंडातून काढायचे नाहीत. शपथ घे.

आणखी एक सांगायचं राहिलं. आज दुपारी ती वही पाहून आले. एकोणीस वर्षांत ते पान मी शंभरदा पाहिलं असेल, सरांच्या सहीखाली काहीच नव्हतं. आज तिथे दुसरी ओळ आहे. ‘दिलं’खाली सरांची सही. ‘घेतलं’खाली माझी, पण अर्धीच. अक्षर माझंच आहे, शंका नाही. बोट फिरवून पाहिलं. शाई वाळून फिकी झालेली आहे, वरच्या ओळीइतकीच जुनी.

आणि त्याच्या खाली, अगदी पुसट, तिसरी ओळ आखलेली आहे. ‘दिलं’ कोरं आहे. ‘घेतलं’खाली कुणीतरी नुकतंच पेन टेकवल्यासारखा एक ठिपका आहे. तो मात्र ओला होता…