गवंड्याचा ओटा

"शिखराचे तीनच थर राहिलेत, आणि तुम्ही थापी घेऊन निघालात तरी कुठे?"

बायको दारात आडवी उभी होती. दादाने ओळंब्याची दोरी बोटांभोवती गुंडाळली, पिशवीत टाकली आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "त्याची मागची भिंत फुगलीय. काल येताना पाहिली."

"त्याची म्हणजे कुणाची?"

दादाने पिशवी खांद्याला लावली. सात वर्षांत त्या घरात धाकट्या भावाचा उल्लेख झाला नव्हता… आणि आज झाला तो एका फुगलेल्या भिंतीपायी!

तीन पिढ्या त्यांचं घराणं देवळं बांधत आलं होतं. पाया खणायचा, भिंती उभ्या करायच्या, गाभाऱ्याची जमीन गुळगुळीत करायची, आणि देव बसला की उंबऱ्याबाहेर यायचं ते कायमचं. पुन्हा आत पाऊल टाकायचं नाही. आईवडील गेल्यावर दादाने ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, त्या धाकट्याने बाराव्या वर्षी विचारलं होतं, "आपण बांधलेलं आपल्याला का बघू देत नाहीत रे?" तेव्हा दादाने त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. विसाव्या वर्षी तो हात झिडकारून धाकटा म्हणाला, "तू भिंती बांधतोस ना दादा, त्या आपल्याच तोंडावर बांधतोस!" आणि घर सोडून निघून गेला.

आता लोक त्याला बुवा म्हणत. तो गल्लोगल्ली हरीचं नाव गात हिंडला, आणि त्याच्यामागे शिंपी, परटीण, चांभार, शाळामास्तर असे नाना तऱ्हेचे लोक जमले. सगळ्यांनी एका छपराखाली, एका जमिनीवर, बायापुरुषांनी शेजारी शेजारी बसून प्रार्थना करावी असं एक घर त्याला हवं होतं. पण देवस्थानच्या पंचांनी साऱ्या गवंड्यांना दम भरला होता, की तिथे जो वीट लावेल त्याने आमच्या शिखराला हात लावायचा नाही. त्या शिखरावर दादाची अकरा वर्षं गेली होती. वरचा कळस आपल्या हाताने बसवावा, एवढी एकच हौस त्या अबोल माणसाने आयुष्यात बाळगली होती…

"जाऊ द्या मला," तो बायकोला हळूच म्हणाला. "भिंत कुणाच्या तरी अंगावर पडेल."

ती बाजूला झाली.

गवंडी मिळेना म्हणून बुवाच्या माणसांनी स्वतःच रचलेल्या त्या मागच्या भिंतीला दादाने तळहात लावला आणि कपाळाला आठी घातली. "ही कुणी बांधली?"

"मी," शिंपी छाती काढून म्हणाला. "सरळ शिवलीय की!"

"शिवलीच आहेस. उसव आता."

सगळे हसले. पलीकडे विटा भिजवत बसलेला धाकटाही हसला, आणि दादाची नजर वळताच त्याने मान खाली घातली. दुसऱ्याच दिवशी पंचांनी शिखराचं काम दुसऱ्या गवंड्याला दिलं. दादाने ते ऐकलं, चुना कालवला आणि पुढची वीट उचलली.

बायको डबा घेऊन येऊ लागली तसे दोघे भाऊ तिच्यामार्फत बोलू लागले.

"वहिनी, दादाला विचारा, दार किती रुंद ठेवायचं?"

"सांग त्याला, चार माणसं एकदम आत येतील एवढं."

"अहो, हातभर अंतरावर बसलाय तो!" ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "मी काय तुम्हा दोघांच्या मधली खिडकी आहे?"

भिंती उठल्या, छप्पर चढलं. मग पाच दिवस दादा पहाटेच, कुणी यायच्या आधी कामावर येऊ लागला. समोरच्या भिंतीशी त्याने हातभर उंचीचा एक ओटा बांधला. त्याच्या कडा गोल केल्या, वर चुना घोटून घोटून असा चकचकीत केला की वाकून पाहिलं तर तोंड दिसावं. उभ्या हयातीत एवढ्या प्रेमाने त्याने काही घोटलं नव्हतं. घोटताना त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. या ओट्यावर आपला धाकटा बसलाय, समोर माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे… गवंड्याच्या पोराकडे!

सहाव्या दिवशी धाकट्याने ओटा पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पाड हा!"

सात वर्षांनी तो थेट दादाशी बोलला होता.

"इथे कुणी कुणापेक्षा उंच बसणार नाही, हे शंभरदा सांगितलंय मी! उंबऱ्याबाहेर जन्म गेला तुझा, तरी उंच-नीच बांधायची खोड काही गेली नाही!"

चाळीस माणसं ऐकत होती. दादाने कुणाच्याही हाती न देता स्वतःच हातोडा उचलला. पहिला घाव घालताना त्याचे डोळे भरून आले. चुन्याची धूळ गेली म्हणून त्याने ते पुसले… ओट्याचे तुकडे जमिनीच्या भरावात टाकून त्यावर चुन्या-खडीचा कोबा घातला. शिंपी, परटीण, मास्तर, सारे ओळीने बसून लाकडी चोपण्यांनी तो कोबा तीन दिवस चोपत राहिले. आतल्या भिंतीपासून मागे मागे सरकत दादा दारापर्यंत आला, शेवटचा हात फिरवला आणि बाहेर पडला.

कोबा वाळला. पहिल्या प्रार्थनेच्या सकाळी घर माणसांनी भरून गेलं. दादाने बाहेरच्या हौदावर हात धुतले आणि तो तिथेच उभा राहिला. त्याला कुणी अडवलं नव्हतं. काम संपलं, माणसं आत गेली, आता आपण बाहेर… पस्तीस वर्षांची ती सवय त्याच्या पायांतच मुरली होती.

"वहिनी, दादा कुठाय?" आतून धाकट्याचा आवाज आला.

आणि मग बायकोचा! भिंत दादाचीच होती, पण तो आवाज अडवण्याएवढी जाड नव्हती.

"कुठे असणार? बाहेर! भाऊजी, तो ओटा ह्यांनी तुमच्यासाठी बांधला होता हो! आपला भाऊ सगळ्यांना दिसला पाहिजे म्हणून! अकरा वर्षांचं शिखर सोडलं तुमच्यापायी, आणि कधी चकार शब्द काढला नाही… आणि तुम्ही चारचौघांत त्यांना बोल लावलात!"

मग अनवाणी पावलं धावत बाहेर आली, आणि काही कळायच्या आत धाकट्याने दादाच्या पायांना मिठी घातली.

"चुकलो दादा! मी गावाला माणसं ओळखायला शिकवतोय, आणि माझ्याच माणसाला ओळखलं नाही रे!"

"ऊठ, ऊठ… चुकलास कुठे? ओटा नकोच होता तिथे." दादाने त्याला दंडांना धरून उभं केलं. "पण मला दुसरं येतं काय? एखाद्याला मोठं करायचं म्हणजे त्याला जरा उंच बसवायचं, एवढंच मला ठाऊक."

"आत चल."

"पाय चुन्याने भरलेत माझे."

"मग जमीन कशाची आहे?"

दादाने एकदा दाराकडे पाहिलं, आणि उंबरा ओलांडला. पायाखाली थंडगार, गुळगुळीत कोबा! स्वतः घातलेल्या जमिनीवर, माणसांनी भरलेल्या घरात, तो जन्मात पहिल्यांदा उभा होता.

"आजपासून या घरात हरीचं पहिलं नाव शेवटी येणाऱ्याने घ्यायचं," धाकटा मोठ्याने म्हणाला. "म्हणजे उशिरा आलेल्याला कुणी दाराशी ठेवणार नाही. घे दादा."

"मला गाता येत नाही रे!"

"आम्हाला तरी कुठे येतंय?" परटीण मागून ओरडली. "घ्या लवकर, पायांना मुंग्या आल्या!"

दादा खाली बसला. मग त्याने तळहात जमिनीवर आपटला, चोपणी आपटावी तसा, आणि चाळणीतून खडी पडावी तशा खरखरीत आवाजात म्हणाला, "हरी… हो हरी…" दुसरी थाप शिंप्याची पडली, तिसरी मास्तरांची. तीन दिवस याच ठेक्यावर त्यांनी जमीन चोपली होती. तो कुणाला शिकवावा लागला नाही. बघता बघता दोनशे हात एकदम पडू लागले आणि भिंती घुमू लागल्या.

दादाने गाता गाता मान वर केली. धाकटा कुठे बसलाय ते त्याला दिसेना. सगळी डोकी दोरी लावल्यासारखी एका पातळीत. त्या डोक्यांत आपला भाऊ हरवून गेलाय, हे पाहून त्या म्हाताऱ्या गवंड्याची छाती अभिमानाने अशी भरून आली, की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला… आणि कुणीही तो खाली उतरवायला सांगितलं नाही.