तीस दस्त्यांची बंदूक

“नऊ लाखांची बंदूक तू नऊशेला फुंकून टाकलीस, ताई!” भावाने लिलावाची यादी तिच्यापुढे आपटली. चित्रातली शिकारीची बंदूक बाबांचीच होती, नळीवर त्यांचं नाव कोरलेलं. टेबलाभोवती जेवणारी त्याची बायको, दोन्ही मुलं जागच्या जागी थिजली. “की खरी रक्कम लपवलीस? बाबांच्या मागे चोरी केलीस?”

चोरी...! चाळीस वर्षं बंदुकांचे लाकडी दस्ते कोरून घट्टे पडलेले हात तिने टेबलावर ठेवले. नजर खाली गेली नाही. बाबा गेले तेव्हा हा सतरा वर्षांचा, आणि ती लग्नाचा विषय कायमचा मिटवून कारखान्यात त्यांच्या जागी उभी राहिलेली!

“गणिताचा मास्तर ना तू? मग घे पेन,” ती म्हणाली. “तेव्हाचे नऊशे आजच्या नऊशेंसारखे मोजतोस? आम्ही कारागीर बंदुकीची किंमत दस्त्यांत सांगायचो. एका दस्त्याची मजुरी तेव्हा तीस रुपये. बंदूक कितीला गेली?”

“तीस... तीस दस्त्यांना.”

“आज एका दस्त्याचे मला दहा हजार मिळतात. कर हिशोब.”

“तीन लाख.” आणि लगेच तो फणकारला, “तरी सहा लाखांचा खड्डा उरतोच!”

“तेव्हा तिला नुसतीच जुनी म्हणायचे, दुर्मीळ नाही! आता दुसरं लिही. तुझ्या कॉलेजची चार वर्षांची फी, सत्तावीसशे.”

“मला स्कॉलरशिप होती!”

“नव्हती.”

पेन अडलं. नव्वद दस्ते... त्यातले बंदुकीचे तीस. उरले साठ.

“ती दस्त्यांवरची कानशीची खरखर...” त्याचा आवाज चिरकला. “रोज पहाटे... परीक्षा आहे म्हणून मी तुझ्यावर ओरडायचो...”

“म्हणून तर गच्चीवर जाऊन बसायचे मी.”

“का नाही सांगितलंस गं?”

“उपकाराखाली वाकून शिकला असतास. मला तू ताठ हवा होतास. पण इतका ताठ नव्हे, की मलाच चोर म्हणशील!”

“चुकलं माझं, ताई...” तो पुटपुटला. कागदावर टपकन थेंब पडला.

“पुटपुटून नाही चालायचं. चोर म्हणालास ते सगळ्यांदेखत ना? मग उभा राहा, आणि ते साठ दस्ते कोणाचे, ते या तिघांना सांग.”

तो उठला. “ताईचे...” तो कसाबसा म्हणाला.

“मोठ्याने!” ताई कडाडली, आणि टेबलावरचा त्याचा हात मात्र तिने घट्ट धरून ठेवला.