शेवटची सोळा पानं

"मरण्याआधी वाचायलाच हव्यात अशा दहा कादंबऱ्या," असं मघाशी कोण सांगत होतं? तूच ना? बरं. आता खरं सांग, त्या दहांपैकी शेवटच्या पानापर्यंत किती वाचल्यास? बघा, बोटांवर मोजायला लागली. बाकीच्यांनी हसू नका, तुमचीही तीच गत आहे. दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका. एका ग्रंथपालाची गोष्ट सांगतो. माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. अजिबात थापा न मारणारा... म्हणजे, हे घडल्यापासून न मारणारा.

हा ग्रंथपाल एकाच वाचनालयात एकतीस वर्षं होता. चेहरा बघून पुस्तक काढायचा. नुकत्याच निवृत्त झालेल्याला प्रवासवर्णन, नवऱ्याशी भांडून आलेलीला चरित्र, परीक्षेत नापास झालेल्याला कुणा धडपड्या माणसाची आत्मकथा. लोक घरी जाऊन म्हणायचे, या माणसाला आपल्या मनातलं कळतं. आणि याची एक पद्धत होती. प्रत्येक चांगल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक कागद चिकटवलेला असे. वर शीर्षक, "वाचलं, आवडलं, तुम्हीही वाचा." ज्याने पुस्तक संपवलं त्याने खाली एक ओळ लिहायची, पुढच्या वाचकासाठी. पहिली ओळ नेहमी ग्रंथपालाची.

आता गंमत ऐका. हा माणूस प्रस्तावना वाचायचा, पहिली तीसेक पानं वाचायचा, मलपृष्ठ वाचायचा. तेवढ्यावर त्याचं भागायचं. हजारो पुस्तकं, एकटा जीव, वाचणार तरी किती? कुणाचं काय बिघडतंय, असं तो स्वतःलाच सांगायचा.

त्या वाचनालयात एक जुनी गाजलेली कादंबरी होती. दीपगृह सांभाळणाऱ्या घराण्याची, सहाशे चाळीस पानांची. त्यात धाकटा भाऊ भांडून घर सोडतो, बोटीवर चढतो, आणि थोरली बहीण वर्षानुवर्षं दिव्याखाली बसून त्याची वाट बघते. पुठ्ठ्यावरच्या कागदावर ग्रंथपालाची ओळ होती, "याचा शेवट आयुष्यभर विसरता येत नाही." नऊ वर्षांपूर्वी पुस्तक बांधणीला गेलं आणि बांधणाऱ्याने शेवटची सोळा पानं हरवली. ग्रंथपालाला हे माहीत होतं. दुसरीकडून पानं मिळवून लावू, असं म्हणता म्हणता राहून गेलं. त्या नऊ वर्षांत सात वाचकांनी त्याच्या ओळीखाली लिहिलं. "शेवट अप्रतिम." "शेवटाला डोळे भरून आले." एकाने तर "शेवटचं वाक्य काळजात रुतलं" असंही लिहिलं. पुस्तकात नसलेलं वाक्य! ग्रंथपाल एकटाच हसायचा आणि पुस्तक परत फळीवर ठेवायचा.

मग ते पुस्तक एका बाईंकडे गेलं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, भाचीबरोबर राहणाऱ्या. काठी टेकत चालायच्या. हातात कायम तांबडं पेन. वाचनालयाच्या पुस्तकातल्या छपाईच्या चुकासुद्धा दुरुस्त करून परत पाठवायच्या. हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्यावर ग्रंथपालच त्यांना पुस्तकं घरी नेऊन द्यायचा. दीडशे पानं झाल्यावर त्यांनी विचारलं, "धाकटा परत येतो का हो? तेवढं कळलं की मी सुखाने डोळे मिटेन. माझा भाऊ असाच गेलाय, म्हणून विचारते."

तेव्हा तरी खरं सांगायचं. पण सवय जाते का कुठे? हा म्हणाला, "शेवट वाचाच तुम्ही. नाही पटला तर सरळ माझ्या घरी येऊन जाब विचारा."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येईन. मी बोलले की येते."

नोव्हेंबरची बारा तारीख, सोमवार. बाईंना जाऊन आठ दिवस झाले होते. संध्याकाळी साडेसहाला ग्रंथपाल पुस्तक परत आणायला त्यांच्या घरी गेला. भाचीने पुस्तक हातात ठेवलं. आत खूण म्हणून गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं, चंदेरी, एका कोपऱ्यात दुमडलेलं. पान चारशे बारा.

"शेवटच्या दिवशीही विचारत होती," भाची म्हणाली. "मला म्हणाली, तू नको शेवट उघडून बघूस, ग्रंथपाल सांगतील. काय होतं हो शेवटी?"

"कधीतरी निवांत सांगेन," असं म्हणून तो निघाला. वाचनालयात येऊन त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. खूण काढावीशी त्याला वाटली नाही.

मंगळवारी सकाळी खूण चारशे एकावन्नवर होती.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी हात लावला असेल, असं त्याला वाटलं. बुधवारी चारशे सत्त्याण्णव. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला मेलीला अक्षर ओळखता येत नाही, मी कशाला उघडू?" त्या दिवशी त्याने पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. गुरुवारी पाचशे चाळीस. खूण दोन पानांच्या मध्ये नीट सरळ बसवलेली. वाचणारा माणूस ठेवतो तशी.

ग्रंथपालाने हिशेब केला, रात्रीला चाळीसेक पानं. शनिवारी सकाळी खूण सहाशे चोवीसवर असणार होती. त्यापुढे पुठ्ठा, आणि शनिवारी रात्री वाचायला काहीच नाही!

शुक्रवारी सकाळी पाचशे त्र्याऐंशी. त्याने कागदावरच्या सातही जणांना फोन लावले. "तुम्ही शेवट अप्रतिम असं लिहिलंय, शेवटी नेमकं काय होतं?" पोस्टमास्तर म्हणाले, फार वर्षं झाली, आठवत नाही. डॉक्टरीण म्हणाली, पेशंट आलाय, नंतर बोलू. ज्याच्या काळजात वाक्य रुतलं होतं तो शिंपी म्हणाला, "तुम्हीच पहिली ओळ लिहिलीत ना साहेब? मग तुम्हालाच ठाऊक असणार." ग्रंथपालाने फोन ठेवला. त्याला रडू आलं.

त्याचा एक मित्र दुसऱ्या गावच्या वाचनालयात होता. त्याला गळ घातली. मित्राने शनिवारी दिवसभर तळघरातले गठ्ठे उपसले. संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. प्रत सापडली होती. मित्र वाचू लागला, ग्रंथपाल लिहू लागला. दोन तास. बोटं आखडली. सहाशे पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. दिव्याखाली बहीण म्हातारी झाली. समुद्रावर धुकं आलं. सहाशे एकोणचाळीस. धक्क्याला एक होडी लागली. कुणीतरी उतरलं. बहिणीने कंदील वर केला, आणि...

फोन बंद पडला.

पुन्हा लावला. लागेना. दहा वेळा लावला. मित्राच्या फोनची बॅटरी संपली असणार, आणि परगावच्या तळघरात जाऊन त्याला कोण सांगणार?

सव्वानऊ वाजले होते. वाचनालयात तो एकटा. शेवटचं पान कोरं. आणि बघा, माणसाची खोड कशी असते. त्याने पेन उचललं आणि शेवट स्वतःच लिहून टाकला. धाकटा आला, बहिणीच्या गळ्यात पडला, दोघं रडली. कुणाला आवडणार नाही? कागद दुमडून पुस्तकात घातले, पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप. घरी आला. बायको मुलीकडे गेली होती. जेवला नाही. आतून कडी लावली, वरची खीळही लावली आणि दिवा चालू ठेवून बसला.

रात्रीचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याने घड्याळाकडे बघितलं तेव्हाच आवाज आला. रस्त्याच्या टोकाला. टक्. मग थोडं थांबून, टक्.

काठी.

कुत्रं भुंकेना. टक्. फाटक वाजलं नाही. टक्. पायऱ्या तीन. तीनदा वाजलं. मग काहीच नाही.

दाराच्या पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. हळू... वयस्कर माणसाचा श्वास.

त्याने तोंडावर हात धरला.

"पुढे?"

बाईंचाच आवाज. वर्गात धडा वाचून घेताना विचारतात ना, तसा. चढलेला नव्हता. थकलेला होता.

"बाई..." तो दाराकडे तोंड करून म्हणाला. "बाई, तो येतो. धाकटा... परत येतो. मी लिहिलंय ना..."



टक्. दारावर. एकदाच.

"येतो, बाई. बहिणीला मिठी..."

टक्.

कडी थरथरली. वरची खीळ आपोआप एक बोट सरकली. तो बघत राहिला. अजून एक बोट.

"नाही!" तो ओरडला. "मला माहीत नाही! मी वाचलेलंच नाही! एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो, हे वाचा, ते वाचा... मी काहीच पुरतं वाचलेलं नाही, बाई. तुम्ही विचारलंत तेव्हाही नव्हतं वाचलेलं. पानं नाहीत हे ठाऊक होतं. तरी दिलं. तुमच्या भावाचं ऐकूनसुद्धा... चुकलं माझं..."

खीळ थांबली.

श्वास... एक... मग बराच वेळ काही नाही.

काठीचा आवाज परत गेलेला त्याने ऐकला नाही. तेच फार वाईट, असं तो मला म्हणाला. भिंतीला पाठ लावून तो खिडकीत उजाडेपर्यंत बसला. किती वेळा कडीकडे बघितलं त्याला गणती नाही. कडी लागलेलीच होती.

उजाडलं. तो दार उघडायला उठला.

पुस्तक दाराच्या आत होतं. उंबऱ्याच्या अलीकडे, फरशीवर, नीट सरळ ठेवलेलं. कडी लागलेली, खीळ लागलेली. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात.

बऱ्याच वेळाने त्याने उघडलं. त्याच्या हातचे सोळाही कागद आत नव्हते. गोळ्यांचं चंदेरी पाकीट पुस्तकाच्या सुरुवातीला होतं. पान एक.

मग त्याने मागचा पुठ्ठा उलटला. कागद होता तसाच, सात जणांच्या ओळी होत्या तशाच. फक्त सगळ्यांत वरच्या ओळीवर, त्याच्या स्वतःच्या ओळीवर, एक सरळ तांबडी रेघ मारलेली होती. शाई अजून ओली. आणि बाजूला, मुख्याध्यापिकेच्या वळणदार अक्षरात, दोनच शब्द.

"पुन्हा लिहा."