चालती बस

बसचे ब्रेक करकचून लागले, तेव्हा ती रस्त्याच्या अगदी मधोमध होती. तोंडात शिट्टी, एक हात वर, आणि मागे जोडीजोडीने हात धरून चालणारी पोरं. धुक्यातून दोन पिवळे दिवे उगवले आणि तिच्यासमोर येऊन थबकले.

ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. त्याला ओरडायचंच होतं खरं. पण ती अशी काही रोखून बघत होती, की ओरडणं राहूनच गेलं.

"बाई," तो म्हणाला, "ही गाडी कुठून सुटली?"

"टेकडीवरच्या वस्तीतून." तिने शिट्टी बाजूला केली. "शाळेची बस बंद केली ना तुमच्या महापालिकेने. म्हणून ही चालती बस."

"माझी महापालिका? मी नुसतं स्टिअरिंग फिरवतो हो."

"मग ते तरी नीट फिरवा."

पोरं खुदखुदली. तोही हसला… हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडते, हे तिला दिसलं. आणि दिसलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

ती शाळेतली खेळाची शिक्षिका. पोरं तिला शिट्टीबाई म्हणत. त्या वर्षी शहराच्या अंदाजपत्रकात मोठी तूट आली. कात्री फिरायला लागली की आधी मऊ जागेवर फिरते, तशी ती शाळांवर फिरली. संगीताचे सर गेले, वाचनालयाला कुलूप लागलं, खेळाच्या जोडीला गणितही तिच्याच गळ्यात आलं. आणि मग शाळेची बस बंद झाली. टेकडीवरचे आईबाप उजाडायच्या आत कामाला बाहेर पडणारे. एवढ्याशा लेकरांना वाहत्या रस्त्यावरून एकटं कोण पाठवणार? एकेक बाक रिकामा व्हायला लागला.

"पट असाच घसरला तर महापालिकेची समिती येईल," मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, म्हणाल्या, "आणि आपली शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत विलीन करून टाकेल. मग तर टेकडीवरचं एकही पोर शिकायचं नाही."

"मी आणते त्यांना," ती म्हणून गेली.

घरी बाबा म्हणाले, "तुला भारी हौस लष्कराच्या भाकऱ्या भाजायची." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे बूट पुसून दाराशी ठेवलेले होते, आणि ते पुसणारा माणूस वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसला होता.

चौकातली ती भेट मग रोजचीच झाली. तो लांबूनच वेग कमी करी आणि बस अशी तिरकी उभी करी, की मागच्या मोटारीला पुढे घुसायची सोयच राहू नये. बसमधले लोक कुरकुरत. पहिल्या बाकावरची एक आजी त्यांना गप्प करी – "ऑफिस काय पळून चाललंय का? लेकरं जाऊ देत."

"आज उशीर केलात, बाई."

"एकाचा बूट हरवला होता. तुम्ही घड्याळ लावून बसता वाटतं?"

"घड्याळ कशाला… पोरांच्या पाढ्यांचा आवाज येतो ना आधी."

"फक्त पाढेच ऐकू येतात?"

यावर तो गिअर टाकी. गालावर तेवढी खळी असे.

एका सकाळी आई दारात टेकून तिच्याकडे बघत राहिली. "काय गं, शिट्टी वाजवायला वेणी इतकी नीट लागते?"

"केस तोंडावर येतात," ती म्हणाली, आणि आरशापुढून जरा घाईनेच उठली.

असेच काही आठवडे गेले. मग एके दिवशी शेवटची जोडी रस्ता ओलांडून गेली, तरी त्याने गिअर टाकला नाही.

"बाई… एक बोलायचं होतं. रोज एवढंसंच बोलणं होतं. हा रस्ता जरा रुंद असता, तर—"

मागून कुणीतरी हॉर्न दाबला. ती गडबडली. "रस्ता आहे तेवढा पुरे आहे," असं तिच्या तोंडून गेलं, आणि ती चालायला लागली. दहा पावलांवर तिला वाटलं, मागे फिरावं. पण पोरं पुढे निघाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या बसवर मिशीवाले कुणी दुसरेच ड्रायव्हर होते.

"त्याची तक्रार गेली होती," ते म्हणाले. "बस रोज उशिरा पोचते म्हणून. साहेबांनी बोलावून समज दिली, तर यानेच संध्याकाळची पाळी मागून घेतली. कुणी मागत नाही हो ती पाळी."

म्हणजे त्याला हा चौकच नको झाला होता. दिवसभर तिचं लक्ष लागेना. फळ्यावर सोपी बेरीज चुकली आणि वर्गाने एका सुरात ती सुधारली.

पुढच्या सकाळी ती टेकडीच्या पायथ्याशी पोचली… आणि थांबली. तो तिथे उभा होता. गणवेश नाही, साधा निळा स्वेटर. खांद्यावर वस्तीतली सगळ्यात धाकटी पोर, त्याचे केस लगामासारखे धरून बसलेली.

"तुमची पाळी संध्याकाळची ना?" आवाज शक्य तितका कोरडा ठेवत तिने विचारलं.

"म्हणूनच सकाळ मोकळी झाली."

"कुणी मागत नाही म्हणे ती पाळी."

"मागतात की…" तो धाकटीला सावरत म्हणाला, "रस्ता रुंद करायचा असला, की मागतात."

तिने शिट्टी वाजवली आणि रांग निघाली – पुढे ती, शेवटी तो.

बाक भरत गेले. तरीही एके दिवशी समिती यायची ती आलीच. नेमकं त्याच सकाळी धुकं असं उतरलं होतं, की हाताला हात दिसेना. वस्तीतल्या आया धुक्यामुळे कामाला निघाल्याच नव्हत्या; दारात घुटमळत होत्या. "आज राहू दे का, बाई?" एकीने विचारलं.

आज राहिलं, तर उद्याचं काही खरं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने मागे पाहिलं. तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. मी एकालाही मागे पडू देणार नाही."

तिने पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावले. ज्याचा आवाज आला नाही, त्याच्या जोडीदाराने लगेच सांगायचं. चौकात तो बॅटरी घेऊन रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिला. एक ट्रक त्याच्यापर्यंत येऊन धापा टाकत थांबला. तो जागचा हलला नाही. तेराचा पाढा मात्र अडखळला आणि पुन्हा सुरू झाला.

शाळेच्या फाटकात समितीचे अध्यक्ष मोठ्या बाईंना म्हणत होते, "अशा हवेत कोण येणार?" तेवढ्यात धुक्यातून आधी पाढे आले, मग शिट्टी आली, आणि मग जोडीजोडीने, नाकं लाल झालेली, टेकडीवरची सगळीच्या सगळी पोरं आली. मोठ्या बाईंची मान अशी ताठ झाली, की त्या एकदम उंच दिसायला लागल्या.

अध्यक्ष रांग मोजत शेवटपर्यंत गेले. मग शेवटच्या निळ्या स्वेटरकडे वळले. "तुम्ही शाळेत काय करता?"

"मी… शाळेचा कुणी नाही."

"मग कुणाचे?"

त्याने तोंड उघडलं, मिटलं, बुटांकडे पाहिलं. भरल्या रस्त्यात ट्रक अडवणारा माणूस एका शब्दापाशी अडला होता.

"माझे आहेत ते," ती म्हणाली.

पाढे थांबले. सगळी शाळा थांबली.

शाळा विलीन करायचा विचार महिन्याभरात रद्द झाला. बस काही त्या वर्षी परत मिळाली नाही. तिजोरीत खडखडाटच होता. मात्र आणखी दोन शाळांच्या शिक्षकांनी आपापली चालती बस काढली, आणि ती कशी काढायची हे शिकायला ते शिट्टीबाईंकडेच आले.

पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळी, वर्ग भरल्यावर, तो फाटकाशी रेंगाळत होता.

"मघाशी काय म्हणालात, ते नीट ऐकू आलं नाही."

"ऐकू आलं नसतं, तर कान असे लाल झाले नसते."

"ते थंडीने."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका, ड्रायव्हरसाहेब."

तो हसला. मग हसू आवरून, हळूच म्हणाला, "मागून चालताना तुम्ही दिसत नव्हता. नुसता आवाज येत होता. तरी अंगावर मूठभर मांस चढत होतं. वाटत होतं, सगळ्या शहराला उठवून सांगावं – ती पुढे चालतेय ना, ती…"

"ती काय?"

"माझी आहे, म्हणावं. पण तुम्ही आधी नंबर लावलात."

वर्गाच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं. आत जा म्हणून दटावलं नाही. उलट, अख्ख्या शाळेच्या देखत, तिने त्याचा हात धरला.