बाईंचा आवाज

"बाईंचा आवाज गेला," सर फोनवर म्हणाले. "तुमच्या अपडेटनं गिळला."

बॅकअपताईंनी हातातला चहा तसाच टेबलावर ठेवला. कुठल्या बाई, हे विचारायची गरज नव्हती. गेले दोन दिवस रुग्णालयात ज्याच्या त्याच्या तोंडी त्याच बाई होत्या. प्राथमिक शाळेत अर्धं आयुष्य काढलेल्या शिक्षिका. घशात गाठ निघाली आणि काल सकाळी त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं.

अशा रुग्णांचा आवाज ऑपरेशनच्या आधीच रेकॉर्ड करून ठेवला जाई. पुढे तो एका लहानशा यंत्रात भरायचा. रुग्णाने अक्षरं दाबली की यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं. बाईंनी त्यासाठी शेकडो वाक्यं म्हटली होती. ती सगळी वाचोपचार विभागातल्या एका संगणकात होती.

आणि आदल्या संध्याकाळी रुग्णालयातल्या सगळ्या संगणकांना ताईंच्या सहीने अपडेट गेलं होतं.

ताई जिना उतरू लागल्या. संगणक विभागाच्या त्या प्रमुख, पण खरं नाव कोणी घेत नसे. कुणी नवी छत्री आणली तरी "दुसरी आहे ना घरी?" असं विचारणारी बाई, म्हणून बॅकअपताई. लोक हसत, त्याही हसत. 

रेकॉर्डिंगची खोली लहान होती. भिंतींना आवाज शोषणारी करडी पॅनेलं, मधे माइक, कोपऱ्यात संगणक. पडद्यावर काळोख आणि वर एकच पांढरी ओळ: सुरू करण्यासाठी काही सापडलं नाही. शेजारी प्रतीची, म्हणजे बॅकअपची, डिस्क होती. ताईंनी ती आपल्या लॅपटॉपला जोडली. रिकामी.

खोलीत तिघं उभे होते. वाचोपचार विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत. तरुण थेरपिस्ट. आणि रेकॉर्डिस्ट, रडवेल्या चेहऱ्याचा.

"मी कधीचा सांगतोय," सर म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ घालू नका. झालं समाधान?"

 घरात काही फुटलं की नव्या सुनेचा पायगुण, आणि संगणक बंद पडला की अपडेटचा, हे ताईंना पाठ होतं. पण कधीकधी अपडेट खरंच मारतं. तसं झालं असेल तर एका बाईचा आवाज त्यांच्या सहीने गेला होता.

दारात एक मुलगी येऊन थांबली. बाईंची मुलगी. डोळे रात्रभर जागलेले.

"आईनं पाटीवर लिहून विचारलंय, यंत्र कधी मिळणार," ती म्हणाली. "काय सांगू?"

सर खिडकीकडे वळले. ताई म्हणाल्या, "संध्याकाळी मी स्वतः येऊन सांगते."

सर्वांना बाहेर काढून त्यांनी मुख्य डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली, पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्रॅम लावला आणि आपल्या विभागात फोन केला.

"रेकॉर्डिंग रूमचा संगणक बघ. काल किती वाजता अपडेट झाला?"

पलीकडे सहायकाने थोडा वेळ घेतला. "झालाच नाही, ताई. तो थांबवलेल्यांत आहे. सरांनीच सांगितलं होतं ना मागे, रेकॉर्डिंगं चालू आहेत तोवर याला हात लावू नका म्हणून? ते आपण काढलंच नाही."

ताईंच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि लगेच दुसरा बसला. अपडेट त्या संगणकापर्यंत पोचलंच नव्हतं. मग संगणक मेला कसा?

उत्तर डिस्कवरच होतं. कोणीतरी आधी रेकॉर्डिंगं पुसली होती. मग "सगळं काढून नव्याने सुरू करा" हा पर्याय दाबला होता आणि काम अर्धवट असताना वीज तोडली होती. याला फार अक्कल लागत नाही. बटण दाबायचं आणि प्लग उपटायचा. हे घडलं होतं काल संध्याकाळी, बाकीच्या संगणकांना अपडेट जायच्या जरासं आधी.

ताईंनी रेकॉर्डिस्टला आत बोलावलं.

"काल कुठे होतात?"

"दुपारीच गेलो. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं."

"किल्ली?"

"तीन आहेत. माझी, थेरपिस्टची, सरांची."

"प्रत कशी घेता?"

"आपोआप होते. इथे जे असेल ते लगेच तिथे."

"आणि इथलं पुसलं तर?"

तो चाचरला. "तिथलंही जातं बहुतेक. बाहेरच्या माणसानं बसवून दिलं होतं."

"म्हणजे ती प्रत नव्हे, आरसा. तोंड फिरवलं की आरशातलंही गेलं." ताईंनी आवाज खाली आणला. "बाईंचं फोल्डर शेवटचं कधी उघडलंत?"

"त्यांची वाक्यं संपली तेव्हा. नंतर कामच पडलं नाही."

"मधल्या काळात या संगणकात काही वेगळं जाणवलं?"

"वेगळं असं नाही. डिस्क भरत आल्याचा इशारा रोज यायचा. दोन आठवड्यांपूर्वी यायचा बंद झाला. मला वाटलं, तुमच्या लोकांनी जागा करून दिली."

ताईंच्या लोकांनी काही केलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि थेरपिस्टला बोलावलं. ती बसायच्या आधीच बोलू लागली.

"ताई, काल शेवटची मी होते इथे. माझ्यावरच येणार हे. पण मी निघाले तेव्हा संगणक चालू होता."

"तुम्ही निघालात तेव्हा विभागात कोण होतं?"

"सफाईवाले. आणि सर केबिनमध्ये. ते उशिरापर्यंत बसतात."

"बाईंना यंत्र वापरायला तुम्हीच शिकवत होतात?"

"हो. फार गोड बाई. पण ताई, एक मनात राहिलंय." ती थांबली. "ऑपरेशनच्या चार-पाच दिवस आधी त्या आल्या होत्या. म्हणाल्या, माझी काही वाक्यं नीट आली नाहीत असं वाटतं, पुन्हा म्हणून देऊ का? आवाज बसला होता, पण होता. सर म्हणाले, काही गरज नाही, सगळं उत्तम आहे. मला वाटलं, रेकॉर्डिंगला पुन्हा बसवायचं होतं हो. त्यांच्या समाधानासाठी तरी."

"सरांनी रेकॉर्डिंगं ऐकून सांगितलं असेल."

"ऐकलीच असतील. परगावच्या व्याख्यानात ते बाईंचे नमुने ऐकवणार होते ना. पण तिथली ध्वनियंत्रणा ऐनवेळी बिघडली म्हणे, नुसतंच भाषण केलं."

"कधीची गोष्ट?"

"झाले असतील दोन आठवडे."

तेवढ्यात लॅपटॉपने टुणकन आवाज केला. पुसलेली फोल्डरं एकेक करून वर येत होती. जुना शिंपी. रिक्षावाले काका. दोन बहिणी. ज्यांचे आवाज काल संध्याकाळी पुसले गेले, त्या सगळ्यांचे आवाज जिवंत होते. थेरपिस्टने हात जोडले.

ताईंनी यादी वरून खाली पाहिली. मग खालून वर. बाई नव्हत्या. त्यांचा तुकडाही नव्हता.

त्यांनी लॅपटॉपचा पडदा दाराकडे वळवला. मग म्हणाल्या, "सरांना बोलवा. रेकॉर्डिस्टनाही."

सर आले ते घड्याळाकडे बघतच. "काय निघालं?"

"बाकी सगळे सापडले, सर. बाई सोडून."

"म्हणजे व्हायचं ते झालंच."

"झालं. पण काल नाही." ताईंनी खुर्ची वळवली. "अपडेट या संगणकाला गेलंच नव्हतं. तुम्हीच ते थांबवायला सांगितलं होतं आणि विसरलात. काल संध्याकाळी हा कोणीतरी हाताने मारला. अपडेटची वेळ साधून, म्हणजे बोट माझ्याकडे वळेल."

"कोणी?"

"तेच बघू. काल पुसलेलं सगळं आज परत आलं. पुसलं तरी ते डिस्कवरून लगेच जात नाही, नवीन काही वर लिहिलं गेलं की मग जातं. बाई परत आल्या नाहीत, याचा अर्थ त्या फार आधी गेल्या होत्या आणि त्यांच्या जागेवर दुसऱ्यांची रेकॉर्डिंगं बसली. केव्हा गेल्या? डिस्क भरल्याचा इशारा बंद झाला तेव्हा. दोन आठवड्यांपूर्वी. तुमच्या व्याख्यानाच्या सुमारास."

सरांनी मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं.

"कालचा सगळा खेळ आवाज घालवण्यासाठी नव्हता. आवाज आधीच गेलाय हे झाकण्यासाठी होता. म्हणजे हे त्याचंच काम, ज्याला ते ठाऊक होतं. रेकॉर्डिस्टनी फोल्डर उघडलंच नव्हतं. थेरपिस्टना ठाऊक असतं, तर बाईंना पुन्हा बसवायला हवं होतं असं त्यांनी स्वतःहून मला सांगितलं नसतं. आणि सकाळचा तुमचा फोन, सर. पडदा काळा होता. आत काय उरलं, काय गेलं, कोणालाच माहीत नव्हतं. पंधरा-वीस जणांचे आवाज होते यात. तुम्ही संगणक बंद पडला म्हणाला नाहीत. म्हणालात, बाईंचा आवाज गेला. एकट्या बाईंचा."

सर भिंतीला टेकले. 

"मला कॉपी करायचं होतं," सर शेवटी म्हणाले. "जागा नव्हती, संगणक कुरकुर करत होता. मी ते इथून काढून माझ्या खिशातल्या डिस्कवर टाकलं. परत आल्यावर पुन्हा ठेवणार होतो. ती डिस्क पडली कुठेतरी. गाडीत, सभागृहात, कुठे कोण जाणे. म्हटलं, प्रत आहेच. परत येऊन पाहिलं तर प्रतीतूनही..." त्यांनी कपाळ दाबलं. "तीस वर्षं काढली मी इथे, ताई."

"शोधली डिस्क?"

"मी एकटाच शोधत होतो. कोणाला विचारलं असतं तर..."

"तर कळलं असतं." ताईंचा आवाज चढला नाही. "चूक कोणाच्याही हातून होते, सर. पण ऑपरेशन काल झालं. तोवर बाई बोलत होत्या. त्या इथवर चालत आल्या, पुन्हा म्हणून देऊ का असं विचारलं, आणि तुम्ही गरज नाही म्हणालात."

 रेकॉर्डिस्ट दाराकडे बघत होता. ताईंनी मान वळवली. बाईंची मुलगी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक.

"आईला तुम्हीच सांगा," ती सरांना म्हणाली. एवढंच.

संध्याकाळी सर वॉर्डात गेले. ताई दाराशी थांबल्या. आत जायला त्यांचं मन धजेना, आणि सरांना एकटं सोडायलाही. सर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलले. आडपडदा ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. बाईंच्या गळ्याला पट्टी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वर्गात मुलाची सबब ऐकावी तसं, मधे न तोडता. मग पाटी ओढली. अक्षर वळणदार होतं.

"तेव्हा मला बोलता येत होतं."

सरांनी ते वाचलं. बाईंनी पाटी खाली घेतली नाही. शेवटी सरच वळले आणि ताईंकडे न बघता निघून गेले. उद्या चौकशी बसणार होती. त्यातून काय निघेल ते निघेल, पण पाटीवरची ओळ कोणत्या चौकशीने पुसणार?

मुलीने ताईंना आत बोलावलं. तिच्याबरोबर रेकॉर्डिस्टही होता, हातात हेडफोन.

"हे म्हणतात, फोनवरचे आईचे निरोप चालतील," ती म्हणाली. "माझ्याकडे खूप आहेत. मी काही पुसत नाही, आळशी आहे म्हणून."

"त्यात पूर्ण आवाज बसणार नाही," रेकॉर्डिस्ट घाईने म्हणाला. "शब्द कमी आहेत, मागे गोंगाट आहे. पण ओळखू येईल इतका होईल. मी प्रयत्न करतो, बाई. कितीही दिवस लागू देत."

ताईंनी फोन घेतला आणि सगळे निरोप आधी दोन ठिकाणी उतरवून घेतले. मग मुलीने एक लावला. मागे गाड्यांचा आवाज, आणि त्यावर बाईंचा, खणखणीत: "पोचलीस का? फोन उचलायला हात मोडलेत का तुझे? भूक लागली असेल तर आधी खा, मग रुसून बस."

बाईंचे खांदे हलू लागले. हसत होत्या की रडत होत्या, ते आवाजावाचून कळेना. मुलगी घाबरून निरोप बंद करू लागली, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

मग दुसऱ्या हाताने पाटीवर लिहिलं, "पुढचा लाव."