डबीतला पिवळा दिवा

थापाड्या म्हणून माझी ख्याती आहे, मान्य. पण ही थाप नाही.

थाप असती तर तिला बरा शेवट दिला असता.

रविवार. दुपारचे तीन. माझं गॅरेज बंद. आत मी, माझी धाकटी बहीण आणि कोपऱ्यात तिच्या नवऱ्याची अठरा वर्षं जुनी गाडी... मागून पार चेपलेली.

गाडी भर रस्त्यात थांबली होती. मागून ट्रक आला. मेव्हणे जागीच गेले.

सासरचे म्हणत होते, डुलकी लागली असणार.

"दादा, बिघाड दाखवणारं मशीन लाव. ते झोपले होते की गाडी मेली होती, एवढंच सांग मला."

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. लागलेही...

इंजिनमधला बिघाड सांगणारा पिवळा दिवा सोडून.

डॅशबोर्ड उघडला. बल्बची जागा रिकामी!

माझं डोकं सणकलं. हे काम एकाचंच. माझा पार्टनर. त्याला सगळे 'जादूगार' म्हणत. दोष शोधायचा नाही, मशीनवरून बिघाडाचा कोड पुसायचा. दिवा परत लागला तर बल्बच गायब! ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणारा वैद्य.

फोनवर त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. तो धावत आला.

"अरे, पण तूच..."

"तोंड बंद! माझ्या बहिणीचा संसार मोडलास, गाढवा!"

गाड्यांतून काढलेल्या बल्बांची पत्र्याची डबी त्याने खणातून काढून टेबलावर ठेवली.

मी मशीन लावलं. कोड आला. क्रँक सेन्सर. हा तापला की दगा देतो, चालतं इंजिन मरतं.

म्हणजे मेव्हणे झोपले नव्हते.

बहीण भिंतीला टेकून रडू लागली. आणि माझं बोट... सवयीनं बटणावर गेलं. कोड पुसला.

परत आला.

पुसला. परत आला.

रागानं गाडीची बॅटरीच सोडवून खाली ठेवली. मशीनला वीज गाडीचीच. आता त्याचा पडदा विझायलाच हवा.

विझला नाही...

तोच कोड.

मग डबीत टक् झालं.

झाकणाच्या फटीतून पिवळा उजेड. उघडली. तीस-चाळीस मेलेले बल्ब... आणि मधोमध एक पेटलेला.

बहिणीनं हळूच विचारलं, "हा कुणी काढला?"

मी जादूगाराकडे बोट केलं.

बल्ब आणखी प्रखर झाला. जादूगार माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मी भागीदारी मोडली.

बहीण ताठ मानेनं सासरी सांगून आली आणि माझ्याकडेच राहिली. डबीही राहिली. "जादूगारानं काढला" असं म्हटलं, की तो बल्ब लागतो. वायर नाही, बॅटरी नाही. हा किस्सा मी शंभरदा सांगितला. शंभरदा लागला. आत्ता लिहितानाही लागलाय.

तर आज खरं लिहितो. घ्या!

मेव्हण्यांची गाडी तिसऱ्यांदा दुरुस्तीला आली तेव्हा जादूगार म्हणाला होता, "सेन्सर बदलू या." मी जेवायला निघालो होतो. भुकेनं पोटात कावळे कोकलत होते. म्हणालो, "काढ रे तो बल्ब. घरचीच तर गाडी आहे."

हरामखोर मी होतो. मी!

झालं लिहून. बहिणीला मात्र सांगवत नाही. आता तरी विझ ना, मेल्या...

विझत नाहीये.

पलीकडच्या खोलीतून बहीण विचारतेय, "दादा, भर दुपारी दिवा कशाला लावलास रे?"