ब्रेक कोणी दाबला?

हे मुलुंड पूर्वेला घडलंय, गेल्या मे महिन्यात. रविवारचे दुपारचे साडेतीन. हो, भरदुपारी! भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी पुढे वाचू नये, उगाच वाद नकोत. प्रबुद्ध माझा सख्खा आतेभाऊ आहे आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही.

त्याच्या गाडीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली होती. गॅरेज कशाला, घरीच काढू, म्हणून साहेब सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरले. जॅक लावला. मागचं चाक काढून खांबाला टेकवलं.

"नुसत्या जॅकवर खाली जाऊ नकोस रे," बायको संघमित्रा म्हणाली. "टेकू लाव. निदान ते चाक तरी गाडीखाली सरकव."

"दहा मिनिटांचं काम आहे गं! तू आत बस आणि ब्रेक दाब."

ती धुसफुसत बसली. हा पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

"दाब!"

"दाबला!"

त्याने चाकाच्या जागेजवळचा ब्रेकची हवा काढायचा स्क्रू सैल केला. त्याला लावलेल्या नळीतून बाटलीत ब्रेकचं तेल आलं, बुडबुडे आले. स्क्रू आवळला.

"सोड!"

असं तीनदा झालं.

चौथ्यांदा "दाब" म्हटलं, तर उत्तर आलं नाही...

तेल मात्र आलं.

रुसली वाटतं, त्याला हसू आलं. "सोड!" पेडल वर आलं. "दाब!" पुन्हा तेल.

मग कुशीजवळ काहीतरी खरडत आलं... त्याची नजर स्क्रूवर होती.

आणि गाडी किंचित खाली बसली... आत कोणी जड माणूस बसावा तशी.

"संघमित्रा, हलू नकोस ना यार!"

"अरे, चहा आणलाय! तीनदा झाल्यावर सांगून गेले होते ना वर?"

आवाज लिफ्टकडून आला होता...

वर गाडीत पेडल करकरलं. खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली...

त्याने काहीच म्हटलं नव्हतं.

प्रबुद्धची तंतरली. बाहेर सरकायला त्याने पाय टेकवले आणि जॅक कलंडला.

गाडी कोसळली.

संघमित्राच्या किंकाळीने सातव्या मजल्यावरची माणसं खिडकीत आली. तिला वाटलं, गेला माझा नवरा.

तो जिवंत होता. गाडी त्याच्या छातीच्या बोटभर वर अडकली होती, त्याच्या कुशीला आडव्या पडलेल्या चाकावर.

खांबापाशी चाक नव्हतं...

"तू सरकवलंस?" बाहेर ओढल्यावर त्याने विचारलं.

"मी वर होते रे!" ती रडत होती. तिने पुढे ओढून घेतलेली ड्रायव्हरची सीट पार मागे गेली होती.

ब्रेक दाबणाऱ्यानेच चाक सरकवलं असेल, तर मग गाडीत बसून जॅक कोणी हलवला? वाचवलं की पाडलं? मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजला नेली. संध्याकाळी मेकॅनिक माणिकचा फोन आला.

"साहेब, काम झालंय. पण तुमच्या माणसाला जरा उतरायला सांगा ना. सकाळपासून ब्रेक दाबून बसलाय, सोडतच नाही."

प्रबुद्धने कोणालाच पाठवलं नव्हतं.

गाडी अजून तिथेच आहे. आणायला दोघांपैकी कोणीही गेलेलं नाही.